तबकडी शाबूत आहे, पण वाचायची कशावर?

सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर सादर झाला. इस्रोने अग्निबाणांसाठी रचलेला हा प्रोसेसर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडवला गेला. या संस्थेचा इतिहास सांगताना १९८९ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा उल्लेख हमखास येतो. त्याआधीचे एक छोटे प्रकरण मात्र सहसा कुणी सांगत नाही. ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स’ या जुन्या नावाने वावरत असताना याच संस्थेने भारतीय शाळांसाठी एक ब्रिटिश घरगुती संगणक तयार केला होता. त्याचे इथले नाव ‘युनिकॉर्न’. मूळ यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’.

त्याच २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वरकरणी वाटत नाही. परंतु आपल्या घरांतील कपाटांत आणि प्रयोगशाळांच्या कोठारांत पडून असलेल्या सीडींचे भवितव्य ज्या दोन गोष्टींवर ठरते, त्यांची टोके या दोन बातम्यांत सापडतात. पहिली गोष्ट म्हणजे तबकडीवर माहिती ‘जाळण्याची’ क्रिया, आणि दुसरी म्हणजे ती कोणत्या जातीच्या संगणकावर जाळली याची निवड.

आधी निवडीकडे पाहू. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुमारे २५० शाळांत सुरू केला. त्या काळी घरगुती संगणकांच्या अनेक जाती एकमेकींशी झुंजत होत्या. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, जपानची एमएसएक्स मालिका आणि बीबीसी मायक्रो ही त्यांतली काही नावे. एकावर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येत नसे. प्रोसेसर वेगळा, पडद्याची रचना वेगळी, बेसिक भाषेची बोलीसुद्धा वेगळी. भारताने शाळांसाठी बीबीसी मायक्रो निवडला. शिकवण्याच्या दृष्टीने ही निवड वाईट नव्हती. यंत्र दणकट होते, त्याचे बेसिक शिस्तीचे होते, आणि प्रयोगशाळेतील उपकरणे जोडण्यासाठी त्याच्या पाठीमागे भरपूर जोडण्या होत्या. तरीही दहा वर्षांच्या आत ही जातच बाजारातून नाहीशी झाली.

तिची जागा आयबीएमच्या धर्तीवरील पीसीने घेतली. गंमत अशी की आयबीएम १९७८ मध्येच भारत सोडून गेली होती आणि १९९० च्या दशकात परतली. मधल्या काळात ‘आयबीएम-सुसंगत’ संगणक भारतात रुजला तो आयबीएमशिवाय. १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी केली. सुसंगत यंत्राची रचना सर्वांना खुली होती, त्यामुळे एचसीएल-विप्रोसारख्या कंपन्यांपासून दिल्लीच्या नेहरू प्लेस, मुंबईच्या लॅमिंग्टन रोड, चेन्नईच्या रिची स्ट्रीट आणि बंगळुरूच्या एस. पी. रोडवरील जुळणी करणाऱ्यांपर्यंत कुणालाही ती बांधता येई. इथे पीसीला जिंकवले ते त्याच्या दुरुस्तीयोग्यतेने. त्याचा बिघडलेला भाग गल्लीतल्या दुकानात मिळत असे.

हरलेल्या जातीची किंमत काय असते, हे ब्रिटनने आपल्या आधी अनुभवले. १०८६ मध्ये विल्यम राजाने इंग्लंडच्या जमिनींची आणि मालमत्तेची मोजदाद करवली. तिचे बाड ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने नवे डूम्सडे तयार केले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलांनी, आपल्या गावाची माहिती, छायाचित्रे आणि नकाशे पाठवले. हे सारे मोठ्या लेझर तबकड्यांवर साठवले गेले. त्या वाचण्यासाठी फिलिप्सचा खास प्लेअर आणि बीबीसी मायक्रोच्याच कुळातील ‘मास्टर’ संगणक लागे. पंधरा वर्षे उलटली तेव्हा तबकड्या शाबूत होत्या, पण त्या वाचणारी चालू यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या संगणकाचे हुबेहूब अनुकरण करणारा प्रोग्राम लिहून ती माहिती पुन्हा वाचून दाखवली. चर्मपत्रावरील मूळ डूम्सडे ९०० वर्षांनंतरही, लॅटिन जाणणाऱ्या कुणालाही, वाचता येत होते.

आता जाळण्याकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीवर काहीच जाळलेले नसते. तिच्यावरचे खड्डे कारखान्यात साच्याने उठवलेले असतात. ते सुमारे १०० नॅनोमीटर खोल असतात आणि आतून बाहेर जाणाऱ्या, पाच किलोमीटरांहून लांब अशा सर्पिलावर मांडलेले असतात. या सर्पिलाच्या दोन वळणांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर खड्ड्यावर पडला की परावर्तित प्रकाश व्यतिकरणामुळे मंदावतो, सपाटीवर पडला की उजळ राहतो. या उजेड-अंधाराच्या बदलांतून बिटे वाचली जातात. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये हे प्रमाण ठरवले, आणि १९८२ मध्ये पहिल्या सीडी बाजारात आल्या.

घरी लिहिता येणारी सीडी हा निराळा पदार्थ आहे. १९८८ मध्ये जपानच्या तायो युदेन कंपनीने पॉलिकार्बोनेट आणि धातूचा परावर्तक थर यांच्यामध्ये सायनीन या सेंद्रिय रंगाचा पातळ थर घातला. लिहिणारा लेझर वाचणाऱ्या लेझरपेक्षा कितीतरी अधिक शक्तीचा असतो. त्याच्या उष्णतेने रंग स्थानिक पातळीवर विघटित होतो, लगतचे प्लॅस्टिक किंचित विकृत होते, आणि त्या ठिकाणची परावर्तनक्षमता घटते. म्हणजे इथे खड्डा नसतो, खड्ड्याचा आभास असतो. प्लेअरची फसवणूक होते आणि त्याला खरी सीडी वाचल्यासारखे वाटते. ‘बर्न करणे’ हा शब्द त्यामुळे अलंकारिक नव्हे. रंग खरोखरच जळतो.

या क्रियेत एक कठोर अट होती. सर्पिल एका दमात लिहावे लागे. एकपट वेगाला संगणकाने सेकंदाला १५० किलोबाइट पुरवले पाहिजेत, चौपट वेगाला ६००. हा पुरवठा क्षणभरही तुटता कामा नये, कारण तबकडी फिरत असते आणि लेझर थांबला तर नेमक्या त्याच बिंदूवर परतण्याची सोय सुरुवातीच्या यंत्रांत नव्हती. पुरवठ्यातील चढउतार सोसण्यासाठी राईटरमध्ये छोटा राखीव साठा, म्हणजे बफर, असे. तो २ मेगाबाइटचा धरला, तर चौपट वेगाला साडेतीन सेकंदांत रिता होतो आणि आठपट वेगाला पावणेदोन सेकंदांत. तो रिता झाला की लेखन तिथेच तुटे आणि तबकडी कायमची वाया जाई. कोरी सीडी महाग असण्याच्या काळात ही चैन परवडणारी नव्हती. राईटरही स्वस्त नव्हते. घरगुती वापराचे राईटर हजार डॉलरांखाली आले ते १९९५ च्या सुमारास.

इथे संगणकाच्या जातीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. १९८६ पासून ॲपलच्या मॅकिन्टॉशमध्ये स्कझी जोडणी मुळातच असे. तिच्यावरून होणारी देवाणघेवाण मुख्य प्रोसेसरला फारसे न अडवता चाले. म्हणून छपाई आणि ध्वनिमुद्रण व्यवसायात आरंभीचे सीडी-लेखन पुष्कळसे मॅकवर झाले. पण जुन्या मॅक प्रणालीत बहुकार्य हे सहकाराच्या तत्त्वावर चाले: एक प्रोग्राम स्वतःहून बाजूला होईपर्यंत दुसऱ्याला वाट पाहावी लागे. माउसचे बटण दाबून मेन्यू उघडा ठेवला, तर पार्श्वभूमीतली कामे ताटकळत. पावणेदोन सेकंदांच्या हिशेबात हा विलंब प्राणघातक ठरू शके.

पीसीची अडचण वेगळी होती. त्यातली स्वस्त आयडीई जोडणी अनेकदा अशा पद्धतीने चाले की प्रत्येक बाइट मुख्य प्रोसेसरच्या हातून जाई. हार्ड डिस्क आणि राईटर एकाच केबलवर असतील, तर दोघांना आळीपाळीने बोलावे लागे. विंडोज ९५ चा स्क्रीनसेव्हर जागा झाला, किंवा नवी सीडी आली का हे तपासण्याची तिची सवय आड आली, तरी लेखन तुटे. लिनक्सवर ‘सीडीरेकॉर्ड’ हा प्रोग्राम आपली स्मृती कुलूपबंद करून, स्वतःला सर्वोच्च प्राधान्य देऊन चाले. त्याचे लेखन भरवशाचे असे, पण आयडीई राईटर त्याला स्कझी भासावा म्हणून वेगळी खटपट करावी लागे. थोडक्यात, तिन्ही प्रणालींत तबकडी वाया घालवण्याची आपापली पद्धत होती, आणि त्यांपैकी कुठलीही निवड दोषमुक्त नव्हती.

भारतात याला एक स्थानिक कारण जोडले गेले ते वीजपुरवठ्याचे. भारनियमनाच्या काळात यूपीएसशिवाय सीडी राईट करायला घेणे धाडसाचे असे. चौपट वेगाला पूर्ण तबकडी लिहायला अठरा-एकोणीस मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ वीज टिकेल याची खात्री नसे. २००० मध्ये सान्योने ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणले. बफर रिता होऊ लागला की यंत्र लेखनाचा नेमका बिंदू लक्षात ठेवून लेझर थांबवते, आणि साठा भरला की तिथूनच पुढे लिहिते. लवकरच इतर उत्पादकांनीही अशीच तंत्रे आणली आणि रित्या बफरचा प्रश्न जवळजवळ मिटला. वीज गेल्यावर मात्र हे तंत्रही निरुपयोगी होते, कारण बिंदू लक्षात ठेवणारे यंत्रच बंद पडते.

ॲपल या टप्प्यावर मागे पडली. १९९८ च्या आयमॅकमधून तिने फ्लॉपी आणि स्कझी दोन्ही काढून टाकल्या, पण सीडी लिहिणारा ड्राइव्ह त्यात आला तो २००१ मध्ये. तोवर पीसीवर घरोघरी गाण्यांच्या सीडी लिहिल्या जात होत्या. त्याच वर्षी विंडोज एक्सपीने सीडी-लेखनाची सोय प्रणालीतच दिली. जाळणे हे तज्ज्ञाचे काम उरले नाही.

याच काळात भारत या उद्योगाचा एक मोठा खांब बनला. १९८३ मध्ये स्थापन झालेली मोझर बेअर इंडिया कंपनी १९८८ मध्ये फ्लॉपीच्या उत्पादनात उतरली आणि १९९९ मध्ये नोएडात सीडी-आर बनवू लागली. काही वर्षांतच ती जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. भारतीय सीडींची निर्यात इतकी वाढली की २००३ मध्ये युरोपीय संघाने त्यांच्यावर प्रतिशुल्क लावले. २००७ मध्ये या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून चित्रपटांची बाजारपेठ ढवळून काढली. पुढे पेन ड्राइव्ह, स्वस्त हार्ड डिस्क आणि इंटरनेट आले. सौर ऊर्जेतील गुंतवणूकही कंपनीला तारू शकली नाही. २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. उद्योग संपला, परंतु त्याने घडवलेल्या अगणित तबकड्या देशभर पडून आहेत. प्रबंध, लग्नाचे फोटो, ग्रामसर्वेक्षणे, रुग्णालयांतील चित्रे, लोकगीतांची ध्वनिमुद्रणे, प्रयोगांची कच्ची मापने हे सारे त्यांवर आहे.

त्यांचे आयुष्य तीन पातळ्यांवर ठरते. पहिली पातळी द्रव्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार दीर्घकाळ जतनासाठी तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २० ते ५० टक्के असावी. मुंबईत किंवा कोचीत जुलै महिन्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर असते. रंगाचा थर उष्णतेने व उन्हाने मंदावतो, चांदीचा थर काळवंडतो. शिवाय माहितीचा थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. चमकत्या बाजूला १.२ मिलिमीटरचे प्लॅस्टिक त्याला राखते. आपण चमकती बाजू जपतो आणि लेबलच्या बाजूवर बॉलपेनने दाबून लिहितो. व्हायला हवे याच्या उलट.

ही झीज दिसत नाही, हे अधिक धोक्याचे. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी मांडलेल्या गणितावर सीडीची चूक-दुरुस्ती उभी आहे. प्रमाणानुसार सेकंदाला वाचल्या जाणाऱ्या ७३५० खंडांपैकी २२० पर्यंत सदोष असले तरी तबकडी निर्दोष मानली जाते, कारण ते मुकाट्याने दुरुस्त होतात. चुका वाढत राहतात, पडद्यावर मात्र सारे ठीक दिसते. मग एके दिवशी चुका दुरुस्तीच्या क्षमतेपलीकडे जातात आणि फाइल एकदम उघडेनाशी होते. पुस्तकाचे पान पिवळे पडून इशारा देते. सीडी तसा इशारा देत नाही.

दुसरी पातळी तबकडीवरील मांडणीची. १९८५ मध्ये अमेरिकेतील लेक टाहोजवळच्या ‘हाय सिएरा’ हॉटेलात संगणक कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र आले, आणि कोणत्याही जातीच्या संगणकाला वाचता येईल अशी फाइलींची मांडणी ठरवू लागले. त्यातून १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे प्रमाण निघाले. प्रतिस्पर्ध्यांच्या या समझोत्यामुळेच तेव्हाच्या पुष्कळ सीडी आजही उघडतात. पण या प्रमाणाच्या सर्वांत काटेकोर पातळीवर फाइलीचे नाव आठ अधिक तीन अक्षरांतच बसवावे लागे. ती अडचण टाळण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जोलिएट, युनिक्सवाल्यांनी रॉक रिज अशा पुरवण्या जोडल्या, तर मॅकवर अनेकांनी थेट ॲपलच्या एचएफएस मांडणीत सीडी लिहिल्या. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ॲपलने त्या जुन्या एचएफएसचा आधार काढून टाकला. ॲपलच्या यंत्रावर लिहिलेली तबकडी आज ॲपलचेच नवे यंत्र नाकारते, आणि लिनक्स ती वाचू शकते.

तिसरी पातळी अक्षरांची, आणि ती मराठी वाचकाला थेट भिडणारी आहे. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड सामान्य पीसीवर येऊ लागले. त्याआधीचे, आणि नंतरचेही बरेच, मराठी अक्षरजुळणीचे काम खासगी संकेतांच्या फॉन्टांत झाले. पुण्याच्या सी-डॅकने इस्की या राष्ट्रीय संकेताचा पाठपुरावा केला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला, पण छापखान्यांत मुख्यतः दिसण्यावर आधारलेले फॉन्टच चालले. त्यामुळे एखाद्या दिवाळी अंकाची सीडी सुखरूप असली, फाइल उघडली, तरी त्या विशिष्ट फॉन्टावाचून पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पुस्तक हाताशी असते आणि वाचता येत नाही.

कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. काचेच्या त्या जुन्या पट्ट्या उजेडासमोर धरल्या की सूर्यडाग आजही दिसतात. म्हणूनच शतकभराच्या सौरचक्रांचा अभ्यास अलीकडे त्यांच्या डिजिटल प्रतींवरून करता आला. काच वाचायला फक्त डोळा लागतो, तर सीडी वाचायला रंग, मांडणी, अक्षरसंकेत आणि चालू ड्राइव्ह या चारही गोष्टी एकाच वेळी टिकून असाव्या लागतात. त्यांपैकी ड्राइव्ह हा दुवा आता झपाट्याने दुर्मीळ होत आहे. नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतो, आणि जुन्या ड्राइव्हचे लेझर थकत चालले आहेत.

म्हणून हे काम या दोन-चार वर्षांतच उरकायला हवे. यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह अजून सहज मिळतो. फाइली एकेक ओढून घेण्याऐवजी संपूर्ण तबकडीची प्रतिमा घ्यावी, म्हणजे मांडणीही जपली जाते. एका ड्राइव्हवर न उघडणारी सीडी दुसऱ्यावर उघडू शकते, कारण प्रत्येक लेझरची संवेदनशीलता वेगळी असते. खराब झालेल्या तबकडीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हा मुक्त प्रोग्राम पुनःपुन्हा वाचून जमेल तेवढे गोळा करतो. प्रतीसोबत तिची गणिती खूण, म्हणजे चेकसम, नोंदवावी, आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ फाइलही ठेवावी. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी प्रबंधांसोबत जमा झालेल्या सीडींपासून सुरुवात केली, तर एका पिढीचे संशोधन वाचेल. त्यासाठी लागेल ती एक यादी, दोन ड्राइव्ह आणि काही महिन्यांचा वेळ.

‘विक्रम’च्या निमित्ताने आपण स्वदेशी चिपची चर्चा करत आहोत, आणि ती करायलाच हवी. तिच्यासोबत एक प्रश्न शासकीय निविदांत आणि प्रयोगशाळांच्या खरेदीतही विचारला जावा: हे यंत्र, ही मांडणी, हा संकेत बनवणारी कंपनी उद्या उरली नाही, तर आपली माहिती कुणाला वाचता येईल? शाळांतल्या ‘युनिकॉर्न’च्या वेळी हा प्रश्न कळीचा वाटला नसावा, कारण तेव्हा साठवण्याजोगे फार थोडे होते. आज कपाटातल्या त्या गोल डब्यात आपल्या पंचवीस वर्षांचे बरेच काही आहे. या रविवारी तो उघडून पाहा. काय वाचता आले आणि काय नाही, ते खाली जरूर लिहा.